आईच्या रक्तातला उपदंश

उपदंश म्हणजेच सिफिलिस हा ‘ट्रेपोनेमा पॅलिडम’ या जिवाणूमुळे होणारा लैंगिक संसर्ग आहे. गर्भवतीच्या रक्तात हा जिवाणू असेल तर तो वार ओलांडून गर्भात शिरतो. मग गर्भ पडतो, बाळ पोटातच दगावते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते, जन्मल्यावर काही दिवसांत जाते किंवा जन्मजात उपदंश घेऊन वाढू लागते. उपचार न झालेल्या गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या वाट्याला यातले काही ना काही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातल्या सुमारे ११ लाख गर्भवतींना उपदंश होता आणि त्यापायी ३ लाख ९० हजारांहून अधिक गर्भारपणांत बाळाचे नुकसान झाले. या रोगाची तपासणी स्वस्त आहे, औषध जुने आणि खात्रीचे आहे, आणि त्या औषधाला दाद न देणारा जिवाणू आजवर आढळलेला नाही. तरीही हा आकडा एवढा का, याचे उत्तर बव्हंशी कॅलेंडरात सापडते.

जिवाणूचा शोध १९०५ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमान यांनी लावला. तो मळसूत्रासारखा पिळदार असतो आणि इतका बारीक की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश टाकला तरच चंदेरी धाग्यासारखा वळवळताना दिसतो. त्याच्या बाह्य आवरणावर प्रथिने फार थोडी असतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना पकडायला जागा मिळत नाही. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा संथपणा. पुष्कळसे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात एकाचे दोन होतात, याला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. प्रयोगशाळेत त्याला दीर्घकाळ वाढवणे तर २०१८ पर्यंत कोणाला जमले नव्हते. त्याच्या या संथपणाचा संबंध पुढे औषधाशी येणार आहे.

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, जिथून जिवाणू शिरला त्या जागी एक व्रण उठतो. तो कडक काठाचा असतो आणि दुखत नाही. पुरुषाच्या तो सहसा नजरेस पडतो. स्त्रीच्या बाबतीत तो योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या मुखावर असला तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर तांबूस पुरळ येते. ते तळहात-तळपायांवरही दिसते, एवढीच त्याची खूण. खाजही नसते. सोबत बारीक ताप, घसा दुखणे, केस विरळ होणे. गर्भारपणात बाईला यातले काही झाले तर घरात त्याचे खापर उष्णतेवर फोडले जाते आणि सब्जाचे पाणी दिले जाते. पुरळही जाते. त्यानंतर रोग सुप्तावस्थेत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि ही अवस्था वर्षानुवर्षे चालते. उपचार न केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत बऱ्याच वर्षांनी हृदय, महाधमनी, मेंदू किंवा हाडे यांवर रोगाचा घाला पडतो. तपासणीत सापडणाऱ्या गर्भवती बहुतेक सुप्तावस्थेतल्या असतात. त्यांना कसलाही त्रास नसतो, त्यामुळे त्या तक्रार घेऊन येत नाहीत. रक्त तपासले तरच रोग कळतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या रोगाचा उद्रेक झाला, तेव्हा प्रत्येकाने त्याला शेजाऱ्याचे नाव दिले. इटलीत तो फ्रेंचांचा रोग, फ्रान्समध्ये नेपल्सचा. हिंदुस्थानात पोर्तुगीज उतरले आणि सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंग रोग’ अवतरला. रसकापूर आणि चोपचिनी हे त्यावरचे उपाय तिथे दिलेले आहेत. मराठी बोलण्यात त्याला ‘गरमी’ म्हणत आले आहेत. या सगळ्या नावांत परका शिपाई आहे, वेश्या आहे, बदफैली नवरा आहे. गर्भवती मात्र कुठेच नाही. इंग्रजी अमलातल्या १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यानेही वेश्यांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी केली ती गोऱ्या सैनिकांच्या प्रकृतीसाठी. १८८८ साली तो कायदा रद्द झाला, पण संसारी स्त्रीला हा रोग नवऱ्याकडून होतो आणि तिच्यामार्फत पोटातल्या मुलाला होतो, ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही हा रिवाज कायम राहिला. मराठीत तो मोडणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रभागी होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी गुप्तरोगांवर सरळ भाषेत लिहिले.

आईकडून गर्भाकडे रोग कसा जातो याबद्दल बराच काळ एक दिलासादायक समजूत होती. वारेच्या अंकुरांवर पेशींचा एक आतला थर असतो. तो सोळा-अठरा आठवड्यांपर्यंत जिवाणूला अडवून धरतो आणि पुढे विरळ झाला की वाट मोकळी होते, असे पाठ्यपुस्तके सांगत. कारण त्याआधीच्या गर्भांत रोगाच्या खुणा मिळत नसत. १९७० च्या दशकात नऊ-दहा आठवड्यांच्या गर्भांच्या ऊतींतही जिवाणू सापडला, आणि ही समजूत मोडली. जिवाणू पहिल्यापासूनच आत जाऊ शकतो. खुणा उशिरा दिसतात, कारण त्या खुणा मुख्यतः गर्भाच्या स्वतःच्या प्रतिकारातून तयार होतात, आणि तो प्रतिकार पाचव्या महिन्याच्या सुमारास कुठे जागा होतो. म्हणजे लवकर उपचार करण्याचा फायदा खरा आहे, फक्त त्याचे जे कारण दिले जात होते ते चूक.

आईचा रोग जितका ताजा, तितका धोका मोठा. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत रक्तात जिवाणू भरपूर असतात आणि गर्भाला संसर्ग होण्याची शक्यता साठ ते नव्वद टक्के असते. सुप्तावस्थेच्या सुरुवातीच्या काळात ती चाळीस टक्क्यांच्या आसपास येते, बऱ्याच वर्षांच्या जुन्या रोगात दहा टक्क्यांच्या खाली. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ माक्स कासोवित्झ यांनी हीच गोष्ट घराघरांतल्या बाळंतपणांच्या इतिहासातून टिपली होती. उपचार न झालेल्या बाईचा पहिला गर्भ पडतो, पुढचे मूल मृत जन्मते, त्यापुढचे रोगट जगते आणि शेवटी एखादे धडधाकट निघते. अपवाद पुष्कळ, पण क्रम ओळखीचा. लैंगिक संबंधातून रोग जोडीदाराला लागण्याचा धोका साधारण पहिल्या एक-दोन वर्षांतच असतो. गर्भाला असलेला धोका त्यानंतरही टिकतो. नवरा-बायको दोघेही बाहेरून निरोगी, एकमेकांना आता काही लागण्याची भीती नाही, आणि तरीही पोटातल्या बाळाला रोग, असे घडू शकते. वारंवार गर्भ पडणाऱ्या सुनेला ‘पायगुण’ आणि ‘बाधा’ ऐकाव्या लागल्या, त्या घरांपैकी काही घरांत खरे कारण हेच असणार.

संसर्ग झालेली वार मोठी, जाड आणि फिकट असते. तिच्या रक्तवाहिन्या सुजून अरुंद होतात आणि बाळाचे पोषण तुटते. बाळाचे यकृत व प्लीहा वाढतात, रक्त कमी होते, कधी सर्वांगात पाणी भरते. यातली काही लक्षणे सोनोग्राफीत दिसतात. पण ती दिसू लागली याचा अर्थ आत बरेच काही बिघडून गेले आहे.

जिवंत जन्मलेल्या बाधित बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे जन्मतः अगदी ठीक दिसतात. काही आठवड्यांनी नाक गळू लागते, शेंबडात रक्त असते, तळहात-तळपायांची साल निघते किंवा तिथे फोड येतात, कावीळ होते. हाडांची टोके इतकी दुखरी होतात की बाळ हात हलवतच नाही आणि हात लुळा पडला असे वाटते. दोन वर्षांनंतर दिसणाऱ्या खुणा वेगळ्या. कायमच्या दातांपैकी पुढचे खाचेचे आणि खुंटीसारखे, डोळ्यांच्या बुबुळाला सूज, आणि कानांचा बहिरेपणा हे त्रिकूट लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले, आणि ते आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. नाकाचा दांडा बसणे आणि नडगी तलवारीसारखी वाकणे याही त्याच काळातल्या खुणा.

या रोगाची पहिली रक्ततपासणी अशाच बाळांच्या शरीरातून आली. १९०६ साली बर्लिनमध्ये आउगुस्ट वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिवाणूचा भरपूर साठा हवा होता, आणि जिवाणू काही बरणीत वाढत नव्हता. जन्मजात उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृतात मात्र तो खच्चून भरलेला असे. त्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला आणि तपासणी यशस्वी झाली. वर्षा-दोन वर्षांतच चमत्कारिक गोष्ट उघड झाली. निरोगी ऊतींचा, अगदी गाईबैलांच्या हृदयाचा अर्क वापरला तरी तपासणी तितकीच चालते! रुग्णाच्या रक्तातली ती प्रतिद्रव्ये मुळात जिवाणूविरुद्ध नव्हतीच. पेशींची नासधूस होताना बाहेर पडणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध ती तयार होत होती. १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी हा पदार्थ हृदयाच्या स्नायूतून शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला कार्डिओलिपिन म्हटले. १९४६ ची व्हीडीआरएल आणि नंतरची आरपीआर या तपासण्या त्याच्यावरच उभ्या आहेत.

चुकीच्या तत्त्वावर शोधलेली ही तपासणी अजून टिकली, कारण तिचे उत्तर मोजता येते. रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचे आणि कुठल्या पायरीपर्यंत प्रतिक्रिया दिसते ते लिहायचे: १:२, १:८, १:३२. उपचार लागू पडला की आकडा उतरतो. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट, उतरला तर तो फरक खरा मानतात. पण पेशींची नासधूस दुसऱ्या कारणानेही होत असते. हिवताप, कुष्ठरोग, ल्युपससारखे विकार आणि क्वचित नुसते गर्भारपण, यांतही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. आकडा तेव्हा सहसा लहान असतो. म्हणून खुद्द जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी दुसरी तपासणी, उदाहरणार्थ टीपीएचए, जोडीला करतात. तिची अडचण उलटी. एकदा ती पॉझिटिव्ह आली की पुष्कळदा आयुष्यभर तशीच राहते, रोग बरा झाला तरी. त्यामुळे एका कागदावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे, आणि तो कागद सासरच्या कोणाच्या हाती देणे त्याहून धोक्याचे. पॉझिटिव्ह व्हीडीआरएल म्हणजे व्यभिचाराचा दाखला नव्हे. तरीही तो तसा वाचला जातो, आणि वाचणारे बहुतेकदा बाईकडेच बघतात. अहवाल तिला एकटीला, बंद खोलीत सांगायचा असतो तो यासाठी.

औषधांच्या इतिहासात पारा चार शतके ठाण मांडून होता. त्याने रोगापेक्षा दात आणि मूत्रपिंडे अधिक गेली. १९१० साली पॉल एर्लिख यांचे साल्व्हर्सान हे आर्सेनिकचे औषध आले. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार उपदंशरुग्णांना पेनिसिलिन दिले आणि चौघेही बरे झाले, तेव्हापासून दुसऱ्या कशाची गरज उरली नाही. अडचण होती ती टिकण्याची. साधे पेनिसिलिन काही तासांत लघवीवाटे निघून जाते. ते जिवाणूला मारते तेही तो दुभंगण्याच्या तयारीत असतानाच. तीस तासांतून एकदा दुभंगणाऱ्या जिवाणूला गाठायचे तर रक्तात दिवसचे दिवस पेनिसिलिन असावे लागते. बेंझाथिन पेनिसिलिन हे त्याचे उत्तर. ही दुधासारखी दाट इंजेक्शने स्नायूत साठून राहतात आणि दोन-तीन आठवडे थोडी थोडी झिरपतात.

गर्भवतीला २४ लाख युनिट देतात, सहसा दोन्ही कुल्ल्यांत अर्धे अर्धे. सुई जाड आणि दुखणे चांगलेच. रोग ताजा असेल तर एकदाच, जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. तपासणीत सापडणाऱ्या बहुतेकींचा रोग ‘कधीचा ते कळत नाही’ याच वर्गात मोडतो, त्यामुळे तीन मात्रा हाच नेम ठरतो. मध्ये खंड पडून चालत नाही. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना गर्भवतीच्या बाबतीत दोन मात्रांमध्ये नऊ दिवसांपेक्षा जास्त अंतर मान्य करत नाहीत आणि ते पडल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगतात. पहिल्या सुईनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. मेलेल्या जिवाणूंमुळे उठणारी ही प्रतिक्रिया दिवसभरात ओसरते, मात्र दिवस भरत आलेल्या बाईला तिच्यामुळे कळा सुरू होऊ शकतात, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

पेनिसिलिनला गर्भारपणात पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन गर्भवतीला देत नाहीत. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन वारेतून पुरेशी पार होत नाहीत, त्यामुळे आई बरी होते आणि बाळ तसेच राहते. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्या बाईला रुग्णालयात ठेवून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन तेच औषध सोसण्याची सवय लावतात. खरी ॲलर्जी तशी दुर्मिळ. पण तिच्या धास्तीने बरेच डॉक्टर ही सुई टोचायलाच कचरतात, आणि ती धास्ती बाळाला महागात पडते. नवऱ्याचा उपचारही त्याच वेळी व्हावा लागतो, नाहीतर बरी झालेली बाई घरी जाऊन पुन्हा बाधित होते.

आता कॅलेंडर. पहिली सुई प्रसूतीच्या किमान तीस दिवस आधी पडलेली असेल तरच बाळाचा उपचार पुरेसा झाला असे धरतात. म्हणजे आठवा महिना सरत आला की दार बंद होऊ लागते. एखादीने पाचव्या महिन्यात नाव नोंदवले, रक्त तालुक्याला गेले, अहवाल पुढच्या भेटीत मिळाला, तोवर सातवा लागला. डोहाळजेवण उरकून पहिलटकरीण माहेरी गेली. सासरच्या गावच्या आशाताईकडे अहवाल आहे, बाई दुसऱ्या जिल्ह्यात आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीचा रकाना कोरा राहिला असेल तर माहेरच्या नर्सबाईंना काहीच कळत नाही. दसऱ्यानंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांत तर बाईचा पत्ता महिन्याला बदलतो. तीन सुया, तीन आठवडे, तीन वेगळे कारखाने!

या गळतीवरचा सर्वांत परिणामकारक उपाय साधाच आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टी उपकेंद्रातच वापरायची आणि पहिली सुई त्याच भेटीत द्यायची. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही कळणारी किटही आता उपलब्ध आहेत. भारतात हे काम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था म्हणजे नॅको आणि माता आरोग्याच्या यंत्रणा मिळून करतात. आईकडून मुलाकडे जाणारे हे दोन्ही संसर्ग एकत्र संपवणे हे तिथले उद्दिष्ट. गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात आणि तिथल्या रंगीत औषधसंचांपैकी पांढऱ्या संचात बेंझाथिन पेनिसिलिन असते. भारतात गर्भवतींमधले उपदंशाचे प्रमाण शंभरात एकीपेक्षा कमी आहे. प्रमाण कमी म्हणून तपासणी ढिली पडते, आणि गर्भवतींची संख्या प्रचंड असल्याने एवढे कमी प्रमाणही मोठ्या आकड्यात बदलते.

उच्चाटन शक्य असल्याचे क्यूबाने दाखवले. एचआयव्ही आणि उपदंश हे दोन्ही संसर्ग आईकडून बाळाकडे जाणे थांबवल्याबद्दल २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर मिळवणारा तो पहिला देश. पुढच्या वर्षी थायलंड, आणि २०१९ मध्ये मालदीव व श्रीलंका. ही मोहोर मिळायला एक लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात उपदंशाची प्रकरणे ५० पेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि गर्भवतींची नोंद, तपासणी व उपचार तिन्ही ९५ टक्क्यांपर्यंत पोचावे लागतात. अमेरिकेत उलटे घडले. तिथे २०१२ साली जन्मजात उपदंशाची ३३५ प्रकरणे होती, २०२२ मध्ये ३,७६१ झाली. त्यांत २३१ बाळे मृत जन्मली आणि ५१ जन्मानंतर दगावली. वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर दर दहापैकी जवळजवळ नऊ प्रकरणे टळली असती, असे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटले. शिवाय २०२३ मध्ये त्याच देशात बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा पडला. पेटंट संपलेले स्वस्त औषध बनवण्यात फायदा थोडा, त्यामुळे बनवणारे मोजकेच, आणि एखादा कारखाना अडला की गर्भवतीची सुई अडते.

प्रसूतीनंतर प्रश्न बाळाचा. आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळात आलेली असतात, म्हणून बाळाचे रक्त पॉझिटिव्ह आले तरी तेवढ्यावरून त्याला रोग आहे असे ठरत नाही. नाळेतले रक्त न घेता बाळाचेच रक्त घेऊन त्याचा आकडा आईच्या आकड्याशी ताडून पाहतात. चौपट किंवा अधिक असेल, अंगावर खुणा असतील, किंवा आईचा उपचार अपुरा वा शेवटच्या तीस दिवसांतला असेल, तर बाळाला दहा दिवस रोज पेनिसिलिन देतात. आईचा उपचार वेळेत व पूर्ण झाला असेल आणि बाळ ठीक असेल तर एक मात्रा देतात किंवा नुसती देखरेख ठेवतात. स्तनपान थांबवायचे कारण नाही. स्तनावर व्रण असेल तरच त्या बाजूने पाजणे टाळतात. व्हीडीआरएलचा आकडा उसना असेल तर तो दर दोन-तीन महिन्यांच्या तपासणीत उतरत जाऊन सहाव्या महिन्यापर्यंत नाहीसा होतो. टीपीएचएची प्रतिद्रव्ये आईचीच असतील तर जायला दीड वर्ष लागते. शेवटची तपासणी म्हणून अठराव्या महिन्यात होते, बूस्टर लसीच्या वयाला, आणि ती निगेटिव्ह आली की बाळाची नोंद बंद करतात.